अमेरिकेच्या वकिलाचे अप्पा

अप्पांनी मला पहिल्यांदा मत मागितलं तेव्हा मी वांगी चिरत होते.

"बाई, तुमचं मत कुणाला?"

"तुमी म्हणाल त्याला," मी म्हटलं.

"इथंच आपला देश घसरतो. आधी उमेदवार कोण ते विचारा."

"कोन उमेदवार?"

"अमेरिकेचे वकील."

"कुठं असत्यात?"

"वारले ते."

मी सुरी खाली ठेवली. कामाला लागून मला थोडेच दिवस झाले होते. मोठ्यांच्या घरात कुणी वारलं की काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी हळूच विचारलं, "मग फोडणी देऊ का नको? सुतक असंल."

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, खरोखर विचार केला आणि म्हणाले, "द्या. शंभराच्या वर वर्षं झाली. आता फिटलं असेल."

अशी आमची ओळख झाली. अप्पा आता नाहीत. मला चारचौघांत पाणी मागायचं तरी घसा सुकतो, आणि पाणी मागायला तर घसा ओला लागतो. त्यामुळं अप्पांबद्दल मी कुणाशी बोलले नाही. आठवतं ते लिहून ठेवते, माझ्यापुरतं.

घर आखातात, दोह्यातल्या अल मन्सूरा भागात होतं. जुनी बिल्डिंग, खाली केरळच्या माणसाचं किराणा दुकान, शेजारी दोन हॉटेलं, त्यांच्या डोशाचा वास आमच्या बेडरूमपर्यंत यायचा. अप्पांचा मुलगा बांधकाम कंपनीत इंजिनियर. त्यांना मी साहेब म्हणायची. त्यांची बायको, ताई, बँकेत. त्यांची एकच मुलगी, तिला सगळे पिल्लू म्हणायचे. तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत यायचं. अप्पांची बायको गेल्यावर त्यांना कराडहून इकडं आणलं, आणि दिवसभर त्यांना जेवायला घालायला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पाटणहून मला आणलं. जेवायला घालणं सोपं होतं.

अप्पा कराडच्या कोर्टात वकील होते. आमदारकीला उभे राहायचे आणि पडायचे. पुन्हा उभे राहायचे. साहेब सांगायचे की एका निवडणुकीत तर घरातलीसुद्धा सगळी मतं पडली नव्हती. पिल्लूच्या आजीनं समोरच्याला दिलं होतं. अप्पांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, "माझी बायको स्वतंत्र विचारांची होती. मलाच अभिमान वाटायचा. फक्त त्या दिवशी जेवलो नाही."

दोह्यात आले तरी काळा कोट सुटला नाही. बाहेर ऊन असं की चप्पल फरशीला चिकटावी, आणि अप्पा सकाळी उठून दाढी करून पायजम्यावर काळा कोट चढवून हॉलमध्ये बसायचे. साहेब म्हणाले, "बाबा, उकडत नाही का?" तर म्हणाले, "उकडतं. पण कोट काढला तर मी नुसता म्हातारा दिसतो."

आता अमेरिकेच्या वकिलाचं. पिल्लूच्या शाळेत टीचरनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. ज्याला ज्या मोठ्या माणसाची चिठ्ठी येईल त्यानं त्याची माहिती लिहून आणायची. बाकीच्या मुलांना शास्त्रज्ञ आले, राष्ट्राध्यक्ष आले. आमच्या पिल्लूला आला एकोणिसाव्या शतकातला कुठलातरी अमेरिकेतला वकील, जो त्याच्या राज्याच्या विधानसभेत एकदा निवडून गेला आणि पुढच्या वेळी पडला. कॉम्प्युटरवर त्याची माहिती एवढीशीच. जन्मला, मास्तर झाला, वकील झाला, निवडून आला, पडला, मेला. एक दाढीवाला फोटो. पिल्लूनं ते उतरवून काढलं आणि म्हणाली, "डन. सो बोअरिंग, आजोबा."

अप्पांना ते फार लागलं. "बोअरिंग? माणूस जन्मभर घसा फोडतो आणि त्याचं एवढंच उरतं? मधलं कुठाय?"

"मधलं इंटरनेटवर नाही."

"मग मी सांगतो."

तेव्हापासून अप्पांनी त्या माणसाचं मधलं आयुष्य सांगायला घेतलं, ते संपलंच नाही. पिल्लूला मार्क मिळून ती पुढच्या वर्गात गेली तरी चालूच होतं. ऐकायला मी. सकाळी सगळे गेले की मी मेथी निवडायला बसायची आणि अप्पा समोर खुर्ची ओढायचे.

त्या वकिलाला दही आवडायचं, असं अप्पा सांगायचे. त्याची बायको फटकळ होती. त्याचा घोडा उजवीकडं वळायचा नाही, त्यामुळं कोर्टात जायला त्याला गावाला वळसा घालून सगळी डावी वळणं घ्यावी लागायची. मी विचारायची, "हे तुमाला कसं कळलं?" तर म्हणायचे, "वकील आहे मी. पुरावा नसला की अनुमान काढायचं असतं."

त्यातली डुकराची केस मला पाठ आहे. एका शेतकऱ्याचं डुक्कर शेजाऱ्याच्या मक्यात शिरलं. दोघंही आमच्या वकिलाकडं आले.

"मग ह्यानं कुनाची केस घेतली?" मी विचारलं.

"दोघांची. सकाळी डुकराच्या बाजूनं बोलला, दुपारी मक्याच्या बाजूनं."

"आन् कोन जिंकलं?"

"दोन्ही केसेस जिंकला. इतकं सुंदर बोलला की जज्जाला दोन्ही पटलं. म्हणून तर निवडणूक हरला. डुकरावाल्यानं मत दिलं नाही, तो मक्याच्या बाजूनं बोलला म्हणून. मक्यावाल्यानं दिलं नाही, तो डुकराच्या बाजूनं बोलला म्हणून."

"आन् डुक्कर?"

अप्पांनी मेथीची एक काडी उचलली. मग म्हणाले, "डुक्कर त्याच्या बाजूचं होतं शेवटपर्यंत. पण त्याला मताचा अधिकार नव्हता."

मी हसले की ते खूश व्हायचे. मला एकदा म्हणाले, "कराडला माझं ऐकायला आता फक्त भिंती आहेत. आणि त्यांनी माझे सगळे प्रचार आधीच ऐकलेत. तिकडं गेलो तर मी बोलायचाच थांबेन बाई." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची काळजी वाटली. कारण बोलायचं थांबलेले अप्पा म्हणजे काय उरणार, ते मला दिसेना. कोटच.

घरात दर शुक्रवारी सभा भरायची. शुक्रवारी इथं सुट्टी. पोहे झाले की अप्पा मोठ्या खुर्चीत बसायचे आणि सदन सुरू. अप्पा स्वतः सभापती. "अध्यक्ष म्हटलं की गणेश मंडळाचा वाटतो," असं म्हणायचे. साहेब, ताई, पिल्लू आणि मी सदस्य. घरातली प्रत्येक गोष्ट ठरावानं व्हायची. एसी किती ठेवायचा, आमटी की वरण, टीव्ही कुणाचा. सुरुवातीला ताई हसल्या, "मावशींना पण मत?"

अप्पा म्हणाले, "जिथं स्वयंपाक करणाऱ्याला मत नाही ते घर नाही, खानावळ आहे."

"पण त्या बोलतच नाहीत."

"त्यांची नोंद तटस्थ अशी होईल."

म्हणजे मी तटस्थ झाले. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसायची आणि मान खाली घालायची. हात वर करायचं माझं धाडसच झालं नाही, आमटीच्या बाबतीतसुद्धा नाही, आणि आमटी तर मलाच करायची असायची. "अप्पा, मी चौथी शिकलेली," मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "हात वर करायला ती पुरते."

यात त्यांची एक खंत होती. सभापतीला एरवी मत नसतं, दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तरच त्याचं निर्णायक मत. आणि आमच्याकडं बरोबरी व्हायचीच नाही, कारण मी तटस्थ आणि बाकीचे तिघं. तिघांत कुठून बरोबरी? "बाई, तुम्ही एकदा हात वर करा हो," ते स्वयंपाकघरात येऊन सांगायचे. "जन्मभर मी मत मागितलं. एकदा मत द्यायचंय. माझ्या मतानं काहीतरी ठरू दे."

याच सुमाराला त्यांनी प्रचार घराबाहेर नेला. अमेरिकेचे वकील थोडक्या मतांनी पडले होते, तेवढी मतं गोळा करून त्यांना निवडून आणायचं. मी सोबत पिशवी घेऊन. पहिला दुकानदार.

"भाई, वोट दोगे?"

"किसको, अप्पाजी?"

"अमेरिका के वकील को."

"जीतेगा तो हमको क्या मिलेगा?"

"कुछ नहीं मिलेगा."

दुकानदारानं हातातलं माप खाली ठेवलं. मग म्हणाला, "पहली बार कोई सच बोला. दे दिया. दही भी दूँ?"

बिल्डिंगच्या नेपाळी वॉचमननं दिलं. वरच्या मजल्यावरचे इजिप्तचे मास्तर होते, ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "इन्शाल्ला." अप्पा जिन्यात थांबले. "बाई, हे हो का नाही?" मी म्हटलं, "गॅसवाला उद्या येतो म्हणताना बी असंच म्हणतो." तेव्हापासून अप्पांनी त्यांचा एक वेगळा गट केला, इन्शाल्लावाले. म्हणायचे, निवडणूक हेच फिरवतात.

मग एक दिवस मी कुकर लावत होते तेवढ्यात अप्पा एकटेच खाली उतरले आणि मेट्रो स्टेशनवर गेले. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी काळा कोट घालून उभे राहिले आणि वर येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवून "आपका मत अमूल्य है" म्हणायला लागले. लोक बिचारे हात मिळवत होते. मागं गर्दी साठत गेली. स्टेशनवरच्या माणसानं अप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंग सोडून आले. त्या माणसानं अगदी अदबीनं विचारलं, "सर, इलेक्शन कुठलं आहे?" साहेबांनी अप्पांचा हात धरला आणि बाहेरची वाट धरली.

घरी आल्यावर साहेबांचा चेहरा पांढरा होता. "बाबा, हे कराड नाही. इथं आपण पाहुणे आहोत. परक्यानं असं रस्त्यात मतं मागत फिरायचं नसतं. उद्या कुणी तक्रार केली तर माझी नोकरी, व्हिसा, पिल्लूची शाळा, सगळं खलास. पाहुण्यानं पानावर बसावं, वाढप्याला शिकवू नये."

"मी तर मेलेल्या माणसासाठी मागत होतो."

"ते त्यांना कसं पटवून देऊ? मलाच पटत नाही!"

तो दिवस गुरुवार होता. शुक्रवारी सदन भरलं तेव्हा कुणी पोह्यांना हात लावला नव्हता. साहेब उभे राहिले. रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, "तुम्हाला सगळं ठरावानंच पाहिजे ना? मग घ्या. ठराव असा की बाबांनी कराडला परत जावं."

ताई खाली बघत म्हणाल्या, "अनुमोदन."

पिल्लू ओरडली, "नो वे!" आणि विरोधात हात वर केला. साहेब आणि ताई बाजूनं. झालं, दोन विरुद्ध एक.

"तटस्थ?" अप्पांनी माझ्याकडं न बघताच विचारलं.

मला डोळ्यांपुढं कराडच्या भिंती दिसल्या. कोट दिसला. कसं झालं माहीत नाही, माझा हात वर गेला. हाताला पीठ होतं. "विरोधात," मी म्हटलं. आवाज उमटला की नाही कोण जाणे.

मग अप्पा हळूहळू खुर्चीत ताठ झाले. दोन विरुद्ध दोन. बरोबरी. त्यांना इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं.

"निर्णायक मत," ते म्हणाले. "सभापतींचं."

मी मनात म्हटलं, सुटलो. पिल्लू टाळ्या वाजवायला लागली. अप्पांनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला. "माझे चिरंजीव काल म्हणाले, पाहुण्यानं वाढप्याला शिकवू नये. बरोबर आहे. मग खुर्चीत बसून मी माझ्याच पानात वाढून घेऊ? जो सभापती स्वतःसाठी मत देतो त्यानं खुर्ची सोडून हॉटेल काढावं. माझं मत ठरावाच्या बाजूनं. ठराव मंजूर."

"बाबा!" साहेब उभे राहिले. "अहो, मी रागात बोललो. तुम्ही विरोधात द्याल असं धरून बोललो!"

"तसं नोंदीत नाही."

"मी ठराव मागं घेतो."

"मंजूर झालेला मागं घेता येत नाही."

"मग नवीन मांडतो. बाबांनी राहावं."

"त्याच विषयावर त्याच अधिवेशनात पुन्हा ठराव येत नाही. आणि अधिवेशन मी संपवल्याशिवाय संपत नाही. तिकीट काढ."

साहेब हात जोडत होते, ताई रडत होत्या, आणि अप्पा दोघांना नियम समजावून सांगत होते. आपल्याला घालवणारा ठराव त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला. शेवटी साहेबांनी तिकीट काढलं.

मी त्यांची बॅग भरत होते. अप्पा खाटेवर बसून बघत होते. खूप वेळ काही बोलले नव्हते. डुकराबद्दलही नाही. मला ते सहन होईना म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "अप्पा, तुमी गेल्यावर शुक्रवारी खुर्चीत कोन बसनार?"

अप्पांनी मान वर केली.

"काय म्हणालात?"

"सभापती कोन?"

त्यांनी बॅगेतून सदरा काढून घेतला. "बाई, नवीन सभापती निवडून आल्याशिवाय जुन्याला सदन सोडता येत नाही. त्याला काळजीवाहू म्हणून थांबावंच लागतं. निवडणूक घ्या आधी!"

निवडणूक झाली, चिठ्ठ्या टाकून. ताईंनी साहेबांचं नाव सुचवलं. पिल्लूनं माझं. मी कढईमागं तोंड लपवलं, पण नाव लागलं. साहेब आणि ताईंनी साहेबांना मत दिलं, पिल्लूनं आणि मी मला. स्वतःचं नाव चिठ्ठीवर लिहिताना कान गरम झाले. दोन-दोन.

"आता तुमचं निर्णायक मत," पिल्लू इंग्रजीत म्हणाली.

"काळजीवाहूला नाही," अप्पा म्हणाले. "आपला वारस आपणच नेमणं हे संस्थानिकांचं काम. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मतदान."

साहेबांनी लगेच फोन घेतला आणि तिकीट पुढं ढकललं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बरोबरी. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. चिठ्ठ्या उघडल्या की साहेब "अरेरे" म्हणायचे आणि आवडीनं पोहे घ्यायचे. ताई म्हणायच्या, "या घरात कशाचा निकालच लागत नाही," आणि अप्पांच्या चहात आलं जास्त घालायच्या. अप्पा मात्र खरंच वैतागायचे. त्यांची बॅग दाराशी भरलेलीच असायची. त्यांनी प्रचार मात्र घरापुरता ठेवला, काळजीवाहूला धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत म्हणून. अमेरिकेच्या वकिलाचं आयुष्य पुन्हा मेथीसमोर सुरू झालं. त्या वकिलाला आता मुलगी झाली होती.

असे किती शुक्रवार गेले मला सांगता येणार नाही. रमजान येऊन गेला, थंडी आली, पुन्हा ऊन आलं.

मग एका शुक्रवारी सकाळीच साहेब आणि ताईंचं वाजलं. साहेबांनी ऑफिसच्या चौघांना दुपारी जेवायला बोलावलं होतं आणि सांगायचं विसरले होते. ताई पातेली आपटत होत्या. त्याच रागात मतदान झालं. पिल्लूनं चिठ्ठ्या उघडल्या. साहेबांचं नाव एकदा. माझं एकदा, दोनदा. चौथी चिठ्ठी उघडून तिनं पुन्हा घडी घातली.

"वाच," अप्पा म्हणाले.

"मावशी," ती मराठीत म्हणाली.

साहेबांनी ताईंकडं बघितलं. "अगं, तू?"

ताईंनी तोंडावर हात ठेवला. "मी... तुमचा राग आला होता म्हणून... माझ्या डोक्यातच नाही आलं..."

"पुन्हा मोजा," साहेब ओरडले. "ही चिठ्ठी बाद करा. अक्षर नीट नाही!"

"अक्षर उत्तम आहे," अप्पा म्हणाले. ते उठले. रुमालानं खुर्ची पुसली. माझ्यासमोर येऊन वाकले आणि म्हणाले, "माननीय सभापती, चलावं."

त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते, नुसती पुसली होती. मी कडेला टेकले. अप्पा दाराशी गेले, बॅग घेऊन परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. कोटाची सगळी बटणं लावलेली.

"सदनाचा मागचा ठराव अमलात यायचा राहिला आहे," ते म्हणाले. "नवीन सभापती आल्या. आता मला थांबता येत नाही. आपली परवानगी असेल तर मी निघतो."

ठराव आणणारे साहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना नियम येत नव्हता. ताई माझ्याकडं बघत होत्या. पिल्लू माझ्याकडं बघत होती. अप्पाही बघत होते, आणि त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

माझा घसा कोरडा पडला होता. पाणी मागावं म्हटलं तर तेही जमेना.

"परवानगी न्हाई," मी म्हटलं.

अप्पांनी चष्मा वर केला. "कोणत्या नियमानं?"

"नियम मला येत न्हाई. परवानगी न्हाई. खाली बसा."

अप्पांनी कोटाचे खिसे चाचपले. नियम शोधत असावेत. मग म्हणाले, "सभापतींचा शब्द अंतिम असतो," आणि बॅग खाली ठेवून दाराजवळच्या माझ्या स्टुलावर जाऊन बसले. बसल्या बसल्या त्यांनी हात वर केला. आता ते साधे सदस्य झाले होते आणि त्यांना बोलायचं होतं.

मी मान हलवली. तिथं मात्र मी चुकले. अप्पा उठले आणि अमेरिकेच्या वकिलाच्या जन्मापासून सुरुवात केली. साहेबांच्या ऑफिसचे पाहुणे आले, जेवले, हात धुऊन सोफ्यावर पेंगायला लागले, तरी त्या वकिलाची निवडणूक अजून लांब होती. साहेब जमिनीवर मांडी घालून त्यांच्या अगदी समोर बसले होते आणि मधूनमधून विचारत होते, "मग पुढं, बाबा?"